सुमय्या गेटवर आली होती

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेली नाही. समीरनं नाही – आणि बावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. बहिणीनं नाही, जिला मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. देवापुढे हात जोडतानाही या एका विषयापाशी आले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं – आणि ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. एकदा गॅसची शेगडी पुसली. एकदा कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घातलं, ती आधीच ओली होती. तिसऱ्यांदा नुसतीच या खोलीतून त्या खोलीत गेले, तर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय हरवलं?" मी म्हटलं, "चष्मा." चष्मा नाकावर होता. बघा, इथेही खोटंच. इतकं सहज येतं ते मला.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे मुद्द्यावर यायला आणखी थोडा वेळ मिळेल.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन बेंगळुरूला आले. समीरचं घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांपासूनचं. घरात मराठी बोलतात, पण कन्नडची फोडणी दिलेली. सासूबाई मला आजही "स्वल्प मीठ कमी पडलंय गं, सरी, पुढच्या वेळी बघ" असं सांगतात; सरी म्हणजे बरं. समीर सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. मी मारतहळ्ळीच्या एका कंपनीत काम करते, सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिते. म्हणजे लोकांनी कुठलं बटण कधी दाबावं, हे सांगणं हा माझा धंदा. राहतो एचएसआर लेआउटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी थेट कॉम्प्लेक्सच्या गेटवर आहे.

लोक मला मनमोकळी म्हणतात. कुणाच्याही घरी गेले की पाच मिनिटांत स्वयंपाकघरात शिरते, रिक्षावाल्याला अण्णा म्हणून त्याच्या पोरांची चौकशी करते, आणि निघताना "आमच्याकडे यायचंच हं!" असं इतक्या जोरात म्हणते की शेजारच्यांनाही आमंत्रण पोचावं. समीर म्हणतो, तू लग्नाला आलेल्या बँडवाल्यांनाही घरी बोलावशील. मला ते कौतुक वाटायचं. किती वर्षं वाटत होतं! तेव्हा मला हे कुठे माहीत होतं की बोलावणं वेगळं आणि कुणी खरंच आलं तर दार उघडणं वेगळं.

तर – चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही दोघं लक्षद्वीपला गेलो. त्या बेटांवर आपल्याला वाटलं म्हणून जाता येत नाही. परवाना लागतो. आणि कुठल्या सहलीवाल्यांकडून जायचं नसेल, तर बेटावरच्या कुणीतरी तुमच्यासाठी लिहून द्यावं लागतं – ही माणसं माझी पाहुणी, इथे असेपर्यंत यांची जबाबदारी माझी. समीरच्या एका केरळी सहकाऱ्यानं मुत्तुकोयांचं नाव दिलं. पन्नाशीचा माणूस, आधी टूना पकडायला जायचा, आता घराशेजारी दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवतो. बेटावर सगळे त्यांना कोयाक्का म्हणतात. या माणसानं आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. आमच्या कागदांपायी ते दोनदा कचेरीत गेले आणि आमच्या नावाखाली सही केली.

पोचल्यावर मी त्यांना विचारलं, माझ्या नेहमीच्या आगाऊपणानं, की ओळख ना पाळख, सही कशी केलीत तुम्ही? त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं. ते हसले आणि म्हणाले, "मेहमान को पहले पहचानेगा, बाद में बुलाएगा – ऐसा होता है क्या?"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. बेंगळुरूला परतल्यावर मी ते ऑफिसात चार जणांना ऐकवलं होतं.

सहा दिवस राहिलो. त्या समुद्राचा रंग मी सांगत बसणार नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मला सांगायचं आहे ते शेवटच्या दुपारचं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार म्हणून कोयाक्कांनी किनाऱ्यावर जेवण ठेवलं. आम्हाला वाटलं, घरचीच चार माणसं असतील. गेलो तर निम्मी गल्ली हजर. त्यांचे भाऊ, शाळेतले एक मास्तर, नाववाले, बायका, म्हाताऱ्या, पोरंटोरं. नारळाच्या सोडणांवर मासे भाजणं चाललं होतं, धूर सगळा आमच्याच बाजूला येत होता आणि त्यावरून हसणं चाललं होतं.

मी मासे खाते, माहेरपासून खाते. समीर खात नाही, त्याच्या घरात चालत नाही. हे मी पहिल्या दिवशी सहज बोलून गेले होते. कोयाक्कांची बायको नफीसा – तिला हिंदी जेमतेम यायचं – तिनं त्या दुपारी समीरला हाताला धरल्यासारखं बाजूला नेलं आणि एक पातेलं दाखवलं. कोरं करकरीत. कंपनीचं लेबल अजून निम्मं चिकटलेलं. त्यात भोपळ्याची नारळ घालून केलेली भाजी होती. खुणांनी, मान हलवून ती पुन्हापुन्हा सांगत होती की या पातेल्याला मासा कधी लागलेला नाही. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. घरी तो भोपळ्याला शिवत नाही.

मग गाणी झाली. पुरुषांनी हातात लहान ढाली घेऊन, गोल फिरत, ठेक्यात नाच केला. मग सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं – आता तुमचं काहीतरी. समीरनं लगेच शंख गोळा करणाऱ्या पोरांकडे बघायला सुरुवात केली. मी उठले. गाणं मला येत नाही, पण फुगडी येते. समोर कोयाक्कांची मुलगी बसली होती, सुमय्या. बारावीत शिकत होती. सडपातळ, डोक्यावर निळा रुमाल, आमच्याशी बोलायला हिंदी शोधत बसायची आणि नाही सापडलं तर इंग्रजीत शिरायची. मी तिचे हात धरले, पाय कसे जुळवायचे ते दाखवलं आणि आम्ही दोघी त्या वाळूत फुगडी घालायला लागलो. वाळूत टाचा रुततात. दोनदा पडलो. तिसऱ्यांदा अशी जमली, अशी जमली, की बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि मग नफीसासकट सगळ्या जोड्या जोड्यांनी उभ्या राहिल्या. पंधरा-वीस बायका, समुद्राच्या काठी, फुगडी घालताहेत! मी आयुष्यात इतकी खूश कितीदा झाले असेन? बोटांवर मोजता येईल.

धापा टाकत बसलो होतो, तेव्हा कोयाक्का म्हणाले की सुमय्याला नर्स व्हायचं आहे, बेंगळुरूला शिकायला पाठवायचा विचार आहे, पण तिथे आमचं कोणी नाही.

आणि मी – श्वासही नीट न घेता – म्हणाले, "कोणी नाही कसं? मी आहे ना! माझं घर तिचंच घर. माझी मुलगीच समजा."

त्यांनी ते सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. एका म्हातारीनं येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोयाक्कांनी समीरचा हात दोन्ही हातांत घेतला. सुमय्या माझ्याकडे बघत होती. कसं बघत होती ते मला लिहिता येत नाही – एवढंच सांगते की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

इथवर सगळं सांगायला बरं वाटतं. इथेच थांबले असते तर चांगला लेख झाला असता एखाद्या दिवाळी अंकाला.

जूनमध्ये कोयाक्कांचा फोन आला. सुमय्याला बेंगळुरूच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. मी फोनवर ओरडलेच आनंदानं. खोटा नव्हता तो आनंद. मग ऑगस्टमध्ये दुसरा फोन आला. हॉस्टेलला लोकल गार्डियन लागतो. बेंगळुरूत राहणारं कुणीतरी वॉर्डनसमोर येऊन सही करायची, रविवारी मुलीला घरी न्यायचं असेल तर न्यायचं, आजारी पडली तर बघायचं. त्याशिवाय खोली देत नाहीत. तेवढी एक सही, आणि जमलं तर महिन्यातून एखादा रविवार. मी म्हटलं, "हो हो, त्यात काय!"

फोन ठेवला आणि तारीख लिहून घ्यायला उचललेलं पेन परत ठेवून दिलं.

काय आडवं आलं होतं? किती दिवस मी त्याला वेगवेगळी नावं दिली. ऑफिसचा ताण. गणपतीची गडबड. दुसऱ्याच्या मुलीची जबाबदारी, उद्या काही कमी-जास्त झालं तर. सगळी खोटी नावं. खरं नाव सरळ आहे – ती मुसलमान होती. घ्या, लिहिलं. बेटावर सगळेच तसे होते, तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. तिथे मी त्यांच्या ताटात जेवले, त्यांच्या बायकांचे हात धरून नाचले. पण इथे, माझ्या सोसायटीत, माझ्या मैत्रिणींसमोर, रुमाल बांधलेली ती मुलगी दर रविवारी लिफ्टमधून वर येणार, आणि लोक विचारणार ही कोण, आणि मी सांगणार – काय सांगणार? त्याच महिन्यात आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की कोणाकोणाला आत घेतो याचा आपण विचार करायला हवा. त्यावर अकरा अंगठे पडले होते. एक माझा होता. दुपारची पेंग आली होती, न वाचताच टाकला, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. मी वाचलं होतं.

आणि मनातल्या मनात मी सासूबाईंचं नाव पुढे केलं. त्यांना चालायचं नाही, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. त्यांना मी विचारलं होतं का? एका शब्दानंही नाही.

म्हणून मी टाळायला लागले. "गणपती बसू देत, मग बघू." "या आठवड्यात ऑफिसात फार काम आहे." मग फोन वाजला की स्क्रीनकडे बघत बसायचं, थांबेपर्यंत. तुम्ही केलंय का असं कधी? वाजणारा फोन हातात धरून बसणं?

सुमय्या आली. बेटावरचं एक कुटुंब म्हैसूरला निघालं होतं, त्यांनी तिला वाटेत बेंगळुरूला सोडलं. कॉलेजनं चार दिवस तिला पाहुण्यांच्या खोलीत राहू दिलं आणि सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गार्डियनची सही आणा, नाहीतर ही खोली यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. हे सगळं मला तिच्या मेसेजांवरून माहीत होतं. मी ते वाचत होते, वरच्यावर, न उघडता, म्हणजे तिकडे वाचल्याची खूण जायला नको.

तो शुक्रवार म्हणजे आमच्याकडे गौरीजेवणाचा दिवस.

आमच्या गौरी मोठ्या थाटाच्या असतात. सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे मुखवटे आहेत. घरात आठ-दहा जणी जेवायला, स्वयंपाकघरात पुरणाचं चाललंय, समीर पानं मांडतोय, मी दहा ठिकाणी. साडेअकराच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला. आमच्या गेटवर कुणी आलं की तिथला गार्ड त्याचा फोटो काढतो, आणि तो फोटो नावासकट आपल्या मोबाइलवर येतो. खाली दोन बटणं. आत सोडा. सोडू नका.

सुमय्याचा फोटो होता. उन्हात डोळे बारीक केलेले, तोच निळा रुमाल, आणि – हे मला फार वेळा दिसतं – फोटो काढतायत म्हणून ती हसली होती. गेटवरच्या फोटोला कोण हसतं? कुणीच नाही. तिला वाटलं असणार, आता हा फोटो आंटी बघणार.

मी "सोडू नका" दाबलं.

हे इतकं लवकर झालं की मलाच कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. मी तो फोटो पूर्ण बघितला. मग दाबलं. पाठोपाठ इंटरकॉम वाजला. गार्ड म्हणाला, "मैडम, बोल रही है आप जानते हो उसको. कोई फॉर्म लाई है." स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, कोण गं? मी त्यांना म्हटलं, कुरिअर. आणि इंटरकॉमवर हळू आवाजात म्हटलं, "बोल दो, घर पे कोई नहीं है."

घरातल्या बाईनं सांगायचं, घरात कोणी नाही. तो बिचारा "जी मैडम" म्हणाला.

मग मी बाल्कनीत गेले. का गेले? ती गेल्याची खात्री करायला, दुसरं काय. दोरीवर सकाळचे टॉवेल वाळत होते, त्यांच्या आडून बघितलं. ती गेटशी उभी होती. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात एक डबा. गार्डशी काहीतरी बोलली. डबा त्याच्या टेबलावर ठेवला. पाच-सात मिनिटं तिथेच उभी राहिली, मग इंदिरानगरकडून येणाऱ्या बसच्या थांब्याच्या दिशेनं गेली. आत माझ्या मैत्रिणी मोठ्यानं हसत होत्या. मी आत जाऊन पुरणपोळीवर तूप वाढलं.

थोड्या वेळानं गार्डनं डबा वर पाठवला. गूळ-नारळाचे लाडू, एकेक नीट कागदात गुंडाळलेला. झाकणावर पेननं इंग्रजीत "व्हेज" लिहिलं होतं. नफीसानं लिहायला लावलं असणार, आमच्या घरात काय चालतं ते तिला ठाऊक होतं. मी झाकण उघडेपर्यंत एक जण डोकावलीच – अय्या, कसले गं हे? आणि मी म्हणाले, कोकणातून आलेत. सगळ्यांनी खाल्ले. एकीनं कृती विचारली. सासूबाईंनी अर्धा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "फार चांगल्या हातचे आहेत. कोण गं दिले? अशा माणसाला घरी बोलवावं."

तरीही वेळ होती. संध्याकाळपर्यंत वेळ होती. पाहुण्या अडीचला गेल्या. कॉलेज आमच्यापासून पाऊण तासावर. मी जाऊ शकत होते. कोचावर बसले होते आणि घड्याळ बघत होते.

सव्वातीनला कोयाक्कांचा फोन आला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. आणि मी जे केलं ते – थांबा, पाणी पिऊन येते.

मी त्यांना मेसेज केला की माझे काका वारले. आम्ही सगळे सकाळीच सांगलीला आलोय, माफ करा, सुमय्याला सांगा.

घरात गौरी बसलेल्या. समोर गणपती. नैवेद्याचं पान अजून उचललेलं नव्हतं. अशा दिवशी खरंच कुणी गेल्याचा फोन आला तर आमच्याकडे माणसं तो दाराबाहेर जाऊन घेतात, सुतकाचा शब्द देवापुढे नको म्हणून. आणि मी त्या देवापुढे बसून, कपाळाला हळदकुंकू, एक जिवंत माणूस मारला. नानाकाका – ज्यांनी मला सायकल शिकवली. एका मिनिटात उत्तर आलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं. सुमय्याची काळजी करू नका, असं लिहिलं होतं. तुम्ही तुमच्या माणसांजवळ राहा. आणि पुढे एक प्रश्न होता – काकांचं नाव काय?

मला कळेना, नाव कशाला. तरी मी लिहिलं. नारायण.

संध्याकाळी त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला मोबाइलवर. नफीसानं शेजारच्या बायकांना बोलावलं होतं. त्या दुपारी किनाऱ्यावर ज्या होत्या त्याच. सगळ्यांनी मिळून नारायणकाकांसाठी प्रार्थना केली. नाव हवं होतं ते त्यासाठी. मागे बायकांचे आवाज ऐकू येत होते. मी तो आवाज बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाकाकांचा फोन आला, दरवर्षी येतो तसा. "काय गं, गौरी जेवल्या का नीट?" मी नाक ओढत हो म्हटलं. ते म्हणाले, सर्दी झाली वाटतं, काढा घे. ते आजही ठणठणीत आहेत. अजून फोन करतात.

खोली गेली. सुमय्या आठ दिवस मारतहळ्ळीला एका ओळखीच्या मुलीच्या खोलीत चौथी म्हणून राहिली, मग त्या घरमालकिणीनं हरकत घेतली. दुसरीकडे कुठे सोय लागेना, एकट्या मुलीला भाड्याच्या खोलीत कसं ठेवायचं, म्हणून कोयाक्कांनी तिला परत बोलावलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी जागा मिळाली नाही. सुमय्या नर्स झाली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, त्याचं आमंत्रण आम्हाला आलं होतं. समीरनं मधे एकदा विचारलं होतं, त्या मुलीचं काय झालं गं? मी म्हटलं, मिळालं हॉस्टेल, मजेत आहे. त्यालाही बरं वाटलं.

कोयाक्का दर ईदला शुभेच्छा पाठवायचे, आणि दिवाळीलाही. मी हात जोडल्याची आणि फुलांची चित्रं पाठवायची. एवढंच नातं राहिलं होतं आणि मला ते पुरत होतं.

या महिन्यात सुमय्याचा मेसेज आला. चार वर्षांत पहिल्यांदा. निम्मा हिंदीत, निम्मा इंग्रजीत. मी तो माझ्या भाषेत सांगते, जमेल तेवढा तिच्याच शब्दांत. वडिलांना ती उप्पा म्हणते.

आंटी, उप्पा गेले. सतरा तारखेला, झोपेत. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, बेंगळुरूला आपली माणसं आहेत. म्हणून तुम्हाला कळवते. एक गोष्ट ते होते म्हणून इतके दिवस लिहिली नव्हती. त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं. तुम्ही वर होता, टॉवेलच्या मागे, हिरवी साडी नेसलेल्या. मी उप्पांना सांगितलं की घराला कुलूप होतं. त्यांना वाटायचं त्यांना माणसं ओळखता येतात. ते मला मोडायचं नव्हतं.

बस, एवढंच. खाली तिचं नाव.

अठरा वर्षांची होती तेव्हा ती. हातात न सही झालेला फॉर्म, अनोळखी शहर, राहायला जागा नाही. आणि बसमध्ये बसून तिनं काय ठरवलं असेल, तर बापाला काय सांगायचं नाही. मग फोनवर आईच्या तोंडून तिला कळलं असेल, आंटीचे काका वारले, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. तेव्हाही ती गप्प राहिली. घरी परतल्यावरही, सगळ्यांसमोर, गप्प राहिली. चार वर्षं माझं खोटं त्या मुलीनं उचललं, माझ्यासाठी नाही, मी तिची कोण लागते?

मेसेज मी उघडला. वाचल्याची खूण तिकडे गेली असणार. काय लिहू? कोणी गेलं की जे लिहितात ते शब्द मी त्यांच्याकडून आधीच घेऊन बसलेय, जिवंत माणसासाठी. तीन-चारदा लिहिलं आणि खोडलं. आज नऊ दिवस झाले.

त्या शुक्रवारी मी घरी होते. मी तिला बघितलं, तिनं मला बघितलं, आणि मी दार उघडलं नाही.